नवं रजिस्टर कपाटात, लिहिणं जुन्यातच

वाचनालयाच्या मशीनचं अपग्रेड झालं, एकही एरर नाही, मशीन दोनदा बंद होऊन परत वर आलं, टर्मिनलवर पोस्टग्रेसचं, म्हणजे त्यातल्या डेटाबेस सॉफ्टवेअरचं, व्हर्जन विचारलं तर १६ आलं, आणि वाचनालयाचा नवा प्रोग्रॅम उघडला तर तो म्हणतोय डेटाबेस १२ आहे, मला निदान १३ लागतो, मी चालू होणार नाही. २०२५ च्या जूनमधली रविवार रात्रीची गोष्ट ही. बाहेर पत्र्यावर पाऊस, आत देवघेवीच्या टेबलाशी मी आणि ग्रंथपाल काकू. सोमवारी वाचनालयाला सुट्टी, म्हणजे माझ्या हातात मंगळवार सकाळपर्यंतचा वेळ होता.

हे वाचनालय सातारा जिल्ह्यातल्या माझ्या गावचं. चौथीत असताना मी बालविभागाची सभासद झाले, तेव्हापासून काकू मला ओळखतात. आता मी पुण्यात नोकरी करते, कामच डेटाबेस सांभाळायचं, त्यामुळे वर्षातून दोन-तीनदा गावी गेले की वाचनालयाचं मशीन बघायचं हे ठरून गेलंय. मशीन म्हणजे एक साधा डेस्कटॉप, त्यावर उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम आणि पोस्टग्रेस. आकाराने बघितलं तर माझ्या ऑफिसातल्या एखाद्या टेबलच्या, म्हणजे डेटाच्या तक्त्याच्या, इंडेक्सएवढाही नाही हा डेटाबेस. पण त्यातली प्रत्येक ओळ कुणीतरी हाताने भरलीय. तीन उन्हाळ्याच्या सुट्ट्या कॉलेजची पोरं येऊन बसायची, एक जण दाखल रजिस्टरातून वाचणार, दुसरा टाइप करणार, दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, शेरा. शेऱ्यात "मुखपृष्ठ फाटले", "पाने १७ ते ३२ नाहीत" असलं सगळं आहे. शासनाचं अनुदान, १९६७ च्या कायद्याखालचा अ-ब-क-ड मधला दर्जा, तपासणीला आलेल्या माणसाला दाखवायचे आकडे, सगळं यातूनच निघतं. त्यामुळे ऑफिसात जेवढी काळजी घेत नाही तेवढी मी इथे घेते, हे खरंय.

अपग्रेड करणं भागच होतं. पोस्टग्रेसचं १२ वं व्हर्जन ऑक्टोबर २०१९ मध्ये आलं, आणि त्यांचा नियम सरळ आहे, दर वर्षी पावसाळा संपता संपता एक नवं मोठं व्हर्जन आणि प्रत्येकाला पाच वर्षं सपोर्ट. नोव्हेंबर २०२४ मध्ये १२.२२ आलं आणि १२ ची कहाणी तिथे संपली, त्यानंतर कुठलं भोक सापडलं तरी ते बुजवणारं कुणी नाही. खालचं उबुंटू २०.०४ सुद्धा मे २०२५ मध्ये नेहमीच्या सपोर्टमधून बाहेर पडलं. उबुंटूत एका मोठ्या आवृत्तीवरून तिसऱ्यावर उडी मारता येत नाही, मधल्या पायरीवर पाय ठेवावाच लागतो, म्हणून २०.०४ वरून २२.०४ आणि तिथून २४.०४ असं रविवारी दुपारपासून चाललेलं. मध्ये एकदा ते विचारतं की आता निरुपयोगी झालेली पॅकेजेस काढून टाकू का, त्याला मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. ही सवय मी कुणालाही लावेन. ज्या रात्री सगळं हलवताय त्या रात्री काहीही टाकून द्यायचं नाही.

तर १६ आणि १२.

मी पहिल्यांदा जी कमांड दिली ती पीएसक्यूएलला, म्हणजे पोस्टग्रेसशी टर्मिनलवरून बोलायच्या प्रोग्रॅमला, त्याचं व्हर्जन विचारणारी होती, आणि जो तो हेच करतो, मी पण घाईत हेच केलं. पण पीएसक्यूएल म्हणजे डेटाबेस नाही. तो खिडकीवरचा माणूस आहे. त्याला "तू केव्हाचा" असं विचारलं तर तो स्वतःचं सांगणार, आतल्या कोठीत काय आहे ते नाही सांगणार, कारण तसं विचारलं तर तो आत जातच नाही, सर्व्हर, म्हणजे आत डेटा सांभाळणारा प्रोग्रॅम, बंद असला तरी तो आपलं व्हर्जन सांगतो. आत जाऊन विचारायचं तर कनेक्शन करून सिलेक्ट व्हर्जन म्हणावं लागतं. मी कनेक्ट झाले आणि तिथे वरच, काही विचारायच्या आधी, एक ओळ आली होती, की पीएसक्यूएल १६, सर्व्हर १२.२२. म्हणजे त्याने सांगितलं होतं. इतकी वर्षं ती ओळ नजरेखालून गेलीय माझ्या, आणि कित्येक जण ती वाचतच नाहीत, कारण पुढचा प्रॉम्प्ट आला म्हणजे काम झालं असं डोळ्यांना वाटतं.

मग मी ती कमांड दिली जी खरं तर पहिली द्यायला हवी. डेबियन (उबुंटू जिच्यावर उभी आहे ती सिस्टीम) आणि उबुंटूवाल्यांनी पोस्टग्रेसभोवती स्वतःची हत्यारं बनवलीत, त्यातलं एक आहे पीजी-एलएसक्लस्टर्स, मशीनवर पोस्टग्रेसचे किती संसार मांडलेत ते सांगणारं. क्लस्टर हा शब्द इथे फसवा आहे, दहा सर्व्हर जोडलेले वगैरे काही नाही, एक डेटा डिरेक्टरी, म्हणजे डेटाचं फोल्डर, आणि तिच्यावर बसलेला एक सर्व्हर म्हणजे एक क्लस्टर, मेन हे त्याचं नाव, आणि पोर्ट म्हणजे त्या सर्व्हरच्या खिडकीचा नंबर. स्क्रीनवर तीन ओळी आल्या. १२ मेन, पोर्ट ५४३२, चालू. १४ मेन, पोर्ट ५४३३, चालू. १६ मेन, पोर्ट ५४३४, चालू. तिन्ही हिरव्या.

काकू शेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या, म्हणाल्या, "काय गं, बिघडलं का काही?"

"बिघडलं नाही काकू, तीन-तीन झालेत."

"तीन काय?"

आता हे त्यांना कसं सांगायचं म्हणून मी इकडे तिकडे बघितलं तर त्यांच्या मागच्या काचेच्या कपाटात दाखल रजिस्टरं ओळीने उभी होती, आणि सगळ्यात शेवटी एक कोरं, त्याच्यावरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा काढलेला नाही असं. म्हटलं, ते नवं रजिस्टर केव्हा आणलं? तर म्हणाल्या, "मार्चमध्येच आणून ठेवलंय, पण चालू रजिस्टराची पानं शिल्लक आहेत ना अजून, नोंद अजून त्यातच चाललीय."

बस, हेच झालं होतं. उबुंटूने नवं रजिस्टर विकत आणलं, कपाटात ठेवलं, मधल्या पायरीवर एक आणि शेवटच्या पायरीवर एक असं दोनदा आणलं, आणि टेबलावरचं जुनं रजिस्टर जसंच्या तसं उघडं ठेवलं. लिहिणारे सगळे त्यातच लिहितायत. त्यात कुणाची चूक नाही. नवं रजिस्टर आणणं म्हणजे नव्या रजिस्टरात लिहायला सुरुवात करणं नाही, मध्ये "मागील पानावरून पुढे" नावाचं एक काम असतं, आणि ते काम माणसाने सांगितल्याशिवाय होत नाही.

काकूंना लगेच कळलं. त्या म्हणाल्या, "मग आता मागची बेरीज पुढे ओढायची राहिलीय म्हण की."

मला या सॉफ्टवेअरबद्दल जो आदर वाटतो तो नेमका इथे आहे आणि तो मला मनापासून सांगायचाय. बाकीची पॅकेजेस अपडेट होताना जुनी फाइल काढून नवी बसवतात आणि विषय संपतो. डेबियन-उबुंटूवर पोस्टग्रेसची मोठी व्हर्जन्स तसं करत नाहीत. १२ आपल्या जागी राहतं, त्याची डिरेक्टरी वेगळी, कॉन्फिगरेशन वेगळं, पोर्ट वेगळा, आणि १६ त्याच्या शेजारी येऊन उभं राहतं. कुणाला ते अर्धवट काम वाटेल. मला वाटतं ज्याने हे ठरवलं त्याला दुसऱ्याच्या डेटाची किंमत कळली होती. प्रोग्रॅम त्यांचा आहे, तो त्यांनी बदलावा. डेटा तुमचा आहे, त्याला हात लावायचा तर तुम्ही म्हणायला हवं.

जुनी डिरेक्टरी नव्या सर्व्हरला नुसती दाखवून का चालत नाही असं मला ऑफिसात नवीन मुलं विचारतात. डेटा डिरेक्टरी उघडली की त्यात पीजी-व्हर्जन नावाची एक फाइल असते. तीन बाइटची. त्यात एकच आकडा, आपल्याकडे १२, आणि एक ओळ संपल्याची खूण. बस. त्या रात्री मी ती उघडून बघितली, दरवेळी बघते. नवा सर्व्हर सुरू होताना आधी ती वाचतो आणि आकडा आपला नसेल तर तिथेच थांबतो, की ही डिरेक्टरी १२ ने तयार केलेली आहे, माझ्याशी जुळत नाही. डॉकर, म्हणजे प्रोग्रॅम डब्यात बंद करून चालवायचं हत्यार, वापरणाऱ्यांना हा निरोप चांगला ओळखीचा असेल, इमेजचा टॅग १२ चा १६ केला, डेटाचा व्हॉल्यूम जुनाच राहिला, आणि कंटेनर उठायलाच तयार नाही.

माझ्या ओळखीच्या एकाने एकदा ती तीन बाइटची फाइल हाताने बदलून बघितली होती. घाबरलेला माणूस काय करेल सांगता येत नाही, त्याला वाटलं आकड्याचीच तर भानगड आहे. पण पोस्टग्रेस आणखी एका जागी खूण ठेवतं, कंट्रोल फाइलमध्ये, आणि ती खूण मला फार आवडते कारण ती तारखेसारखी असते. १२ ची आहे २०१९०९२१२, म्हणजे २०१९ सालच्या सप्टेंबरची २१ तारीख आणि मागे एक जादा आकडा. १६ ची २०२३०७०७१. आतल्या सिस्टीम टेबलांची मांडणी शेवटची केव्हा बदलली त्याची ती नोंद. वरचा आकडा खोटा लिहिला तरी आत जन्मतारीख कोरलेली असते आणि सर्व्हर तीही ताडून बघतो. त्याचा सर्व्हर त्या दिवशी उठला नाही म्हणूनच त्याचा डेटा वाचला, त्याने फाइलमध्ये आकडा परत जुना लिहिला आणि सगळं होतं तसं चालू झालं.

मोठं व्हर्जन कशाला म्हणायचं यातही बरेच जण अडकतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये १० आलं तेव्हापासून पहिला आकडा म्हणजे मोठं व्हर्जन, सोपं आहे. त्याआधी पहिले दोन आकडे मिळून मोठं व्हर्जन असायचं, म्हणजे ९.५ वरून ९.६ हे दिसायला एक टिंब पुढे पण प्रत्यक्षात पूर्ण घर बदलणं. जुनी मशीन अजून कुठेकुठे चालू असतात, तिथे हे माहीत नसेल तर माणूस चकतो.

आणि छोट्या व्हर्जनचं दुखणं वेगळंच. मागे ज्या कंपनीत होते तिथली गोष्ट. दर तीन महिन्यांनी पोस्टग्रेसचे छोटे रिलीज येतात, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, त्यात दुरुस्त्या आणि सुरक्षेचे पॅच असतात, डेटा हलवावा लागत नाही, पॅकेज बदलायचं आणि सर्व्हर रीस्टार्ट करायचा. तिथे रीस्टार्ट आपोआप होऊ नये असं ठरवलेलं होतं, कारण दिवसा व्यवहार चालू. पॅकेज दुपारी बसलं, रीस्टार्ट रात्री करू म्हणाले, त्या रात्री दुसरंच काहीतरी निघालं आणि ते राहिलं. कागदावर सगळं नवं. तीन महिन्यांनी पुढचा रिलीज आला तेव्हा मी आत जाऊन व्हर्जन विचारलं तर त्याने मागच्याच्याही मागचं सांगितलं. मला आधी खरंच वाटेना, डिस्कवरची फाइल बघितली, ती नवी होती. मग चालू प्रोसेस कुठल्या फाइलवरून चाललीय ते प्रॉक डिरेक्टरीत, जिथे चालू प्रोसेसची माहिती दिसते तिथे, जाऊन बघितलं, तर फाइलच्या नावापुढे कंसात लिहिलेलं, डिलीटेड. म्हणजे ज्या फाइलवरून सर्व्हर चालू होता ती डिस्कवर नावाला उरलीच नव्हती. लिनक्समध्ये असं होतं, फाइलचं नाव पुसलं तरी जोवर एखादी प्रोसेस तिला धरून आहे तोवर ती मरत नाही. आणि पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक नवं कनेक्शन त्या मूळ प्रोसेसच्या पोटीच जन्माला येतं, त्यामुळे आज नव्याने जोडला गेलेला माणूससुद्धा जुन्याच कोडशी बोलत असतो. तीन महिने एक बंद केलेलं समजलेलं दार उघडं होतं. काही झालं नाही, पण मला ते दोन शब्द, फाइलचं नाव आणि पुढे डिलीटेड, अजून डोळ्यासमोर दिसतात.

तेव्हापासून मी व्हर्जन विचारताना आधी हे बघते की उत्तर कोण देतंय. एकाच कनेक्शनमध्ये व्हर्जन, पोर्ट आणि डेटा डिरेक्टरी तिन्ही विचारून घेते. हे तीन एकत्र आले की मग त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा. मारियाडीबी या दुसऱ्या डेटाबेसचं तर आणखी वेगळं होतं, १० ची मालिका सुरू झाली तेव्हा सर्व्हर नवीन कनेक्शनला आपलं व्हर्जन सांगताना पुढे ५.५.५ जोडून सांगायचा, कारण जुना रेप्लिकेशनचा, म्हणजे एका सर्व्हरची नक्कल दुसऱ्यावर ठेवण्याचा, कोड पहिलाच आकडा वाचायचा आणि १० चं १ समजायचा. जुन्या सोबत्यांशी बोलणं तुटू नये म्हणून मुद्दाम जुनं नाव पुढे लावलेलं, ११ मध्ये ते काढलं. ज्यांना माहीत नव्हतं ते ५.५.५ बघून आपलं अपग्रेड फसलं म्हणून रात्र काढत बसायचे. आकडा दिसतो एक, तो कुणासाठी छापलाय ते कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

परत वाचनालयात.

एक सोपी वाट समोर होतीच. प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये पोर्ट ५४३२ आहे, तो ५४३४ करायचा, की तो १६ शी बोलेल. आकडा लगेच बरोबर दिसेल. मी काकूंना दाखवायला म्हणून ५४३४ ला जोडून आत काय काय डेटाबेस आहेत ते विचारलं. तीन नावं आली, पोस्टग्रेस, टेम्प्लेट शून्य, टेम्प्लेट एक. जन्मतःच असतात ती तीन. वाचनालय नाहीच.

काकूंनी स्क्रीनकडे बघून विचारलं, "आपली पुस्तकं कुठायत?"

"जुन्यातच आहेत काकू. सगळी आहेत."

"मोजून बघ."

मोजली. खरंच मोजली, पुस्तकं, सभासद, देवघेव, वर्गणी, प्रत्येक टेबलमधल्या ओळींची संख्या काकूंनी एका चिठ्ठीवर लिहून घेतली, आणि चालू वर्षाच्या वर्गणीची बेरीजही लिहिली. मग पूर्ण डंप, म्हणजे सगळ्या डेटाची उतरवलेली प्रत, काढला, एक पेनड्राइव्हवर, एक माझ्या लॅपटॉपवर. डंपची फाइल उघडून तिचा शेवट बघायचा, डंप पूर्ण झाला असं तिथे लिहिलेलं असतं, अर्ध्यात तुटलेला बॅकअप बघितलाय मी, त्याला शेवट नसतो.

आता रिकामी १४ आणि १६ काढायची होती. १२ चं १६ करायला जी कमांड आहे, पीजी-अपग्रेडक्लस्टर, ती नव्या जागी आधीच मेन नावाचा क्लस्टर असेल तर पुढे जात नाही, जागा अडवलेली आहे म्हणते. म्हणून आधी पीजी-ड्रॉपक्लस्टर. ही कमांड मी आयुष्यात कधीच पटकन एंटर केलेली नाही. ती "नक्की ना" असं विचारत नाही, आणि तिला मागे येणं नाही. आकडा एकच चुकायचा अवकाश, १६ च्या जागी १२ लिहिलं की तीन उन्हाळे गेले. मी दोन्ही रिकाम्या क्लस्टरमध्ये पुन्हा एकदा जाऊन बघून आले, तीच तीन नावं. मग कमांड टाइप केली, हात मागे घेतला, काकूंना म्हटलं काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा. त्यांनी एकेक अक्षर वाचलं, सोळा मेन. मग एंटर. चौदा मेन. एंटर. दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं हे मी ऑफिसातही करते, आपण जे लिहिलंय ते आपल्याला दिसत नाही, आपल्याला जे लिहायचं होतं तेच दिसतं.

त्यानंतरची मुख्य कमांड म्हणजे एक ओळ, १२ मेन वर न्या. या कमांडला दोन वाटा येतात. एक डंप काढून नव्यात भरायची, दुसरी पीजी-अपग्रेड वापरून डेटाच्या फाइली तशाच उचलून आतली सिस्टीम टेबलं तेवढी नवी करायची. २०१० मध्ये ९.० बरोबर ते पीजी-अपग्रेड आलं, आणि मोठ्या डेटाबेसला त्याच्याशिवाय गत्यंतर नाही, तासांचं काम मिनिटांत होतं. पण वाचनालयाचा डेटा छोटा, वेळ भरपूर, आणि मला मुद्दाम डंपचीच वाट हवी होती. कारण मराठी.

हे जरा नीट सांगते. डेटाबेसमध्ये नावांवर इंडेक्स असतो, म्हणजे वर्णानुक्रमे लावलेली यादी. पण वर्णानुक्रम कुणाचा? शाळेत आपण क्ष आणि ज्ञ अगदी शेवटी म्हणतो, ळ, क्ष, ज्ञ. युनिकोडमध्ये क्ष नावाचं एक अक्षर नाहीच, तिथे क, हलन्त आणि ष असे तीन तुकडे आहेत, मग ते क च्या घरात बसवायचं की सगळ्यांच्या शेवटी, हे कुणीतरी नियम लिहून ठरवावं लागतं. पोस्टग्रेस सहसा हे नियम स्वतः ठेवत नाही, खालच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या ग्लिबसी नावाच्या सॉफ्टवेअर लायब्ररीकडून घेतं. आणि ते नियम बदलतात. २०१८ मध्ये ग्लिबसी २.२८ आलं तेव्हा ही अनुक्रमाची माहिती मोठ्या प्रमाणावर नव्याने लिहिली गेली, आणि जगभर लोकांचे इंडेक्स बिघडले, कारण यादी जुन्या क्रमाने लावलेली आणि शोधणारा नव्या क्रमाने शोधतोय. पुस्तक कपाटात आहे, पण ज्या फळीवर हात जातो तिथे नाही. एरर येत नाही, फक्त "सापडले नाही" येतं. मला याच्यापेक्षा वाईट बिघाड माहीत नाही, कारण यात कुणाला शंकाच येत नाही. आमच्या मशीनवर ग्लिबसीची २.३१ वरून २.३९ अशी उडी झाली होती, क्रम बदलला असेल नसेल, पण तपासत बसण्यापेक्षा डंपमधून भरलं की प्रत्येक इंडेक्स नव्या नियमाने पहिल्यापासून बांधला जातो आणि प्रश्न मिटतो. ज्यांना फाइली तशाच उचलायच्यात त्यांनी रीइंडेक्स करावं, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधून घ्यावेत, एवढं मात्र कळकळीने सांगते, विशेषतः डेटा देवनागरी असेल आणि खालची सिस्टीमही बदलली असेल तर.

सात-आठ मिनिटं लागली. काकू तेवढ्यात मागच्या खोलीत गळतंय का बघून आल्या. शेवटी स्क्रीनवर आलं की काम झालं, नवा क्लस्टर नीट चालतोय का ते तपासा, चालत असेल तर जुना काढून टाकू शकता, आणि काढायची कमांडही खाली दिलेली. तपासा असं ते स्वतःच म्हणतं. पीजी-एलएसक्लस्टर्स पुन्हा दिली. आता १६ मेन पोर्ट ५४३२ वर, चालू. १२ मेन दुसऱ्या पोर्टवर सरकलेला, बंद. पोर्टची अदलाबदल ती कमांडच करते, म्हणून प्रोग्रॅमला कळतही नाही की आतला माणूस बदलला, तो नेहमीच्या खिडकीवर येतो आणि नेहमीसारखं मागतो.

कनेक्ट होऊन तिन्ही विचारलं. व्हर्जन १६.९. पोर्ट ५४३२. डेटा डिरेक्टरी १६ मेन. वरच्या ओळीत आता सर्व्हरचा वेगळा आकडा नव्हता.

मग चिठ्ठी. काकूंनी चष्मा लावून एकेक आकडा वाचला आणि मी नव्यात मोजला. पुस्तकं जुळली. सभासद जुळले. देवघेव जुळली. वर्गणीची बेरीज पैशापर्यंत जुळली. नंतर मी शोधमध्ये क्ष टाकला, मग ज्ञ, मग काकू म्हणाल्या ऋ बघ, ऋ पासूनची दोन कवितेची पुस्तकं आहेत आपल्याकडे. दोन्ही आली. एकाच्या शेऱ्यात "बांधणी सुटली" असं लिहिलेलं, त्या म्हणाल्या ते बांधून घेतलंय गेल्या वर्षी, शेरा बदलायचा राहिलाय, आणि तिथेच, रात्री साडेअकराला, त्यांनी स्वतः की-बोर्ड पुढे ओढून तो शेरा दुरुस्त केला. नव्या व्हर्जनमध्ये लिहिलेली पहिली ओळ ती.

जुना क्लस्टर मी त्या रात्री काढला नाही. मंगळवारपासून गर्दी होती, शाळा सुरू व्हायच्या आधी सुट्टीतल्या बालसभासदांची पुस्तकं परत येत होती, पावत्या होत होत्या, अनामत परत जात होती, आणि मी पुण्याहून रोज संध्याकाळी फोन करून विचारायचे काही अडलं का. नाही अडलं. दोन आठवड्यांनी पुन्हा गावी गेले. पेनड्राइव्हवरचा डंप दुसऱ्या एका मशीनवर भरून तो उघडतो याची खात्री केली, मगच टर्मिनल उघडलं, पीजी-ड्रॉपक्लस्टर लिहिलं, पुढे बारा मेन, आणि काकूंना हाक मारली.

त्या टेबलावर काहीतरी लिहीत होत्या. चालू रजिस्टराची पानं त्या आठवड्यात संपली होती. शेवटच्या पानाच्या तळाशी त्यांनी शेवटचा दाखल क्रमांक लिहिला, खाली तारीख, सही, आणि "पुढील नोंदी नवीन रजिस्टरात पाहाव्यात". मग नव्या रजिस्टरावरचा प्लास्टिकचा कागद काढला, पहिल्या पानावर "मागील रजिस्टरावरून पुढे" असं लिहून तोच क्रमांक पुन्हा मांडला, शाई वाळेपर्यंत थांबल्या, आणि उठून माझ्या शेजारी येऊन स्क्रीनवरची ओळ मोठ्याने वाचली.

"बारा मेन," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे. दाब."